थेंबाला टेकू लागतो

माझ्या दोन थोरल्या बहिणींच्या नशिबी दोन निराळे पावसाळे आले. अक्का राधानगरीला दिली आणि ताई आटपाडीला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अक्काच्या घरात कोरडे म्हणून काही सापडत नाही आणि ताईच्या घरात ओले म्हणून काही सापडत नाही. दोघींच्या घरांत अंतर म्हणाल तर सकाळी मोटारीत बसावे आणि दुपारच्या चहाला पोचावे एवढेच. अरबी समुद्रावरून निघालेली तीच हवा आधी अक्काच्या कौलांवरून जाते आणि मग ताईच्या अंगणावरून. अक्काला ती सर्वस्व देते आणि ताईला नुसती सावली दाखवून पुढे सरकते.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. त्यामुळे राधानगरीत दोघे दाजी एकत्र बसले की माझी भाची म्हणे, "मामा, आता दाजीपूरला जायचं कशाला? ते इथंच आलंय!" राधानगरीहून घाटाकडे निघाले की दाजीपूर लागते, हे वाचकांना ठाऊक असेलच. गव्यांसाठी १९५८ साली अभयारण्य झालेले ते रान.

गोष्ट २००३ सालच्या श्रावणातली आहे. अक्काच्या नातवाचे बारसे होते आणि त्या निमित्ताने आम्ही सगळे राधानगरीला जमलो होतो. मी तेव्हा पुण्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवीत होतो. घरच्या मंडळींत शास्त्र शिकलेला असा मी एकटाच. त्यामुळे रेडिओ बिघडण्यापासून चंद्रग्रहणापर्यंत सर्व प्रश्न माझ्याकडे यायचे आणि मीही ते मोठ्या खुशीने अंगावर घ्यायचो.

भोगावतीच्या खोऱ्यातून गाडी वर चढू लागली तसा पाऊस सुरू झाला, तो आम्ही परत निघेपर्यंत थांबला नाही. "यंदा काही खरं नाही, फारच कमी आहे," असे राधानगरीचे दाजी म्हणाले. ते धरणावर नोकरीला होते आणि पाऊस मोजण्याची त्यांची पट्टीच वेगळी होती. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेला हा लक्ष्मी तलाव. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की त्याचे सात दरवाजे आपले आपण उघडतात, याचा त्यांना एवढा अभिमान की जणू ते रोज रात्री जाऊन त्यांना तेल घालीत होते. घरात मात्र दोऱ्यांवर बाळाची लंगोटी वाळत नव्हती, पापड सादळले होते आणि भिंतीवरच्या तारखेच्या कागदाला बुरशी आली होती.

आटपाडीचे दाजी ओसरीच्या कडेला बसून पागोळ्यांकडे एकटक पाहत होते. त्यांची बैलजोडी चारा छावणीत होती. विहिरीने तळ गाठला होता. ताई पहाटे उठून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. इथे पागोळ्यांखाली ठेवलेली घागर भरून वाहत होती आणि ती उचलायचेही कुणाच्या मनात येत नव्हते. दाजी मधूनच उठले, घागर आत नेऊन ठेवली आणि तिच्या जागी रिकामी बादली लावली. अक्का हसली. ताई हसली नाही.

संध्याकाळी दाजींनी मला बाजूला घेतले.

"मास्तर, एक इचारायचं हुतं. सरकार इमानातनं ढगावर फवारा मारणार म्हणं. त्यानं पाऊस पडतोय, हे खरं का?"

त्या वर्षी राज्य सरकारने कृत्रिम पावसाचा उपक्रम हाती घेतला होता आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा चालू होती. मी पाय हलवीत, मोठ्या अधिकाराने उत्तर दिले, "खरं म्हणजे काय, दाजी, सिद्ध झालेली गोष्ट आहे. हवेत वाफ असतेच. ती थंड झाली की तिचं पाणी होतं. ढगात मिठाची पूड टाकली की थेंब धरतात आणि पाऊस पडतो. त्यात अवघड काही नाही."

"म्हंजे पडणार?"

"पडायला काय झालं!"

दाजींच्या तोंडावर जे समाधान उमटले ते पाहून मला बरे वाटले. आपल्या एका वाक्याने एखाद्याची काळजी दूर व्हावी, यापरते सुख मास्तरकीत नाही. हे सुख पुरते अर्धा तास टिकले. मी स्वयंपाकघरात चहा मागायला गेलो, तर ताई चुलीपाशी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तू काय सांगितलंस त्यांना? ते आता माझ्या पाटल्या गहाण टाकायचं म्हणताहेत. पतसंस्थेचं कर्ज निराळंच. चार एकर डाळिंब लावायचं म्हणतात, पाऊस येणारच म्हणून. तुझं शास्त्र काय म्हणतं ते एकदा नीट बघ आणि मग सांग बाबा. पाटल्या परत यायच्या नाहीत."

मी काही बोलणार तोच अक्काने आमटीत मीठ घालायला बरणी उघडली आणि करवादली, "बघा, परत पाणी सुटलं मिठाला! बरणीला झाकण आहे, वर फडकं बांधलंय, आत तांदळाचे दाणे टाकलेत. तरी हे आपलं पाझरतंय!"

त्या बरणीत माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर होते. पण ते मला तेव्हा दिसले नाही.

सादळलेल्या काड्या

ताईच्या बोलण्याने मन थोडे खट्टू झाले होते. ते रमावे म्हणून मी भाचीला 'बाटलीतला ढग' करून दाखवायचे ठरवले. प्रयोग अगदी साधा. प्लास्टिकची रिकामी पाण्याची बाटली घ्यायची, तळाशी चार चमचे कोमट पाणी घालायचे, आगपेटीची काडी पेटवून विझवायची आणि तिचा थोडा धूर आत सोडून झाकण घट्ट लावायचे. मग बाटली जोराने दाबायची आणि एकदम सोडून द्यायची. सोडली की आतली हवा पसरते, पसरली की थंड होते आणि आत पांढरे धुके दिसते. पुन्हा दाबली की ते नाहीसे होते. शाळेत हा प्रयोग मी पंधरा वर्षे करीत आलो होतो.

पण राधानगरीच्या श्रावणात आगपेटी पेटेल तर ना! दहा काड्या घासल्या, दहाही गुलाचे भुकटे होऊन गळून पडल्या. मी म्हटले, जाऊ दे, वाफ आहे, थंड होणे आहे, धुरावाचून काय अडले आहे? झाकण लावले, बाटली दाबली, सोडली. आत काही नाही. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. बाटलीच्या पलीकडून भाचीचे दोन डोळे स्वच्छ दिसत होते.

"मामा, ढग कुठं आहे?"

इतक्यात अक्काने देवापाशी दिवा लावला आणि निरांजनावर उदबत्ती पेटवली. भाचीने ती उचलून आणली, बाटलीच्या तोंडाशी क्षणभर धरली आणि झाकण लावले. मी बाटली दाबली आणि सोडली. आतमध्ये दुधासारखे पांढरे धुके उभे राहिले. घरातली सगळी मुले ओरडली.

भाची मात्र गप्प होती. ती म्हणाली, "मामा, पाणी तेच, बाटली तीच, दाबणंही तेच. मग तुम्ही दाजीकाकांना वाफ थंड झाली की पाणी होतं असं सांगितलं, ते चूक की बरोबर?"

पंधरा वर्षे मी पोरांना धूर सोडायला सांगत होतो, कारण पुस्तकात तसे लिहिले होते. तो कशासाठी, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर मला स्वतःलाच कधी विचारले नव्हते.

पहिल्या पंगतीला बसणार कोण?

त्या रात्री कौलांवर पाऊस वाजत होता आणि मी कॉलेजात शिकलेले एकेक आठवीत पडलो होतो.

हवेत वाफ किती मावते याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा उष्णतामानावर अवलंबून असते. तीस अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते, वीस अंशांना सुमारे सतरा ग्रॅम आणि दहा अंशांना साडेनऊच्या आत. म्हणजे हवा थंड झाली की तिच्यातली काही वाफ जास्तीची ठरते. अशा भरगच्च हवेला संपृक्त म्हणतात आणि मर्यादेपेक्षाही अधिक वाफ घेऊन बसलेल्या हवेला अतिसंपृक्त. माझ्यासारखे मास्तर इथेच फळा पुसतात आणि सांगतात की जास्तीच्या वाफेचे पाणी होते.

ते होते खरे, पण कशावर होते? भरलेल्या तांब्याच्या बाहेरून पाणी जमते, कारण तिथे तांब्या आहे. गवतावर दव पडते, कारण तिथे गवत आहे. आकाशात मधोमध, जिथे तांब्या नाही आणि गवत नाही, तिथे पहिला थेंब बसणार कुठे?

तुम्ही म्हणाल, वाफेचे रेणू एकमेकांना धरतील आणि त्यांचाच थेंब होईल. अडचण नेमकी इथेच आहे. पाण्याच्या पृष्ठावरच्या प्रत्येक रेणूला आजूबाजूचे रेणू धरून ठेवतात. पृष्ठ सपाट असले की शेजारी पुष्कळ. पण अगदी बारीक थेंबाचा वाक एवढा असतो की त्याच्या अंगावरच्या रेणूला धरायला शेजारी अपुरे पडतात. तो निसटून पुन्हा वाफेत जातो. थेंब जितका लहान, तितकी ही गळती मोठी. लॉर्ड केल्व्हिनने १८७० च्या सुमारास हे गणिताने मांडले. म्हणजे थेंबाची स्थिती एखाद्या गरीब धंदेवाल्यासारखी आहे. भांडवल मोठे असले तर धंदा वाढतो, पण लहान भांडवल खर्चातच विरून जाते. मोठे व्हायचे तर आधी मोठे असावे लागते!

हे लहानपण किती आड येते ते पाहा. हवेत मर्यादेपेक्षा शंभरात एक इतकी जास्त वाफ आहे असे समजा. अशा हवेत टिकून वाढेल असा लहानात लहान शुद्ध थेंब बनवायला जवळजवळ वीस कोटी रेणू एकाच वेळी, एकाच ठिकाणी, निव्वळ योगायोगाने एकत्र यावे लागतात. लग्नाच्या मांडवात पंगत मांडलेली असते, सगळ्यांना भूक असते, पण पाटावर पहिला कोण बसणार म्हणून सगळे उभेच राहतात, तसा हा प्रकार. वीस कोटी पाहुणे न बोलावता, न ठरवता एका क्षणी बसतील, असे होत नाही.

मात्र वाफ आणखी कोंबत गेले की ही संख्या भराभर खाली येते. मर्यादेच्या आठपट वाफ झाली की शंभराच्या आतले रेणू पुरतात. एवढे तर सहज एकमेकांवर आदळतात. मग टेकूवाचून, निव्वळ वाफेतून, एकदम सगळीकडे धुके उसळते. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला मोठे जडजंबाल नाव दिले आहे. आपण त्याला 'बिनटेकूचा थेंब' म्हणू.

हे सारे कागदावर राहिलेले नाही. पॅरिसमध्ये कूलिए यांनी १८७५ साली आणि स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी १८८० साली असे दाखवले की दोन भांड्यांत सारखीच वाफ सोडली, एकात साधी हवा आणि दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा असली, तर पहिल्यात दाट धुके होते आणि दुसऱ्यात काहीच दिसत नाही. धूळ नाही तर धुके नाही. एटकिनच्या हातात माझ्यासारखीच दोन भांडी होती, फक्त त्याने त्यावर विचार केला आणि मी पंधरा वर्षे केला नाही.

पुढे आला विल्सन. १८९४ च्या सप्टेंबरात हा तरुण स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस नावाच्या डोंगरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला. तिथे धुक्यावर उन्हाने उमटणारी रंगीत कडी त्याने पाहिली आणि तो वेडावून गेला. तसे ढग आपल्याला खोलीत करता यावेत म्हणून केंब्रिजला परतून त्याने काचेची उपकरणे बनवली. हवेतली धूळ पुरती काढून टाकल्यावरही, हवा एकदम फार पसरू दिली तर थेंब धरतातच, असे त्याला आढळले. वाफ मर्यादेच्या सुमारे चौपट झाली की थोडे थेंब दिसत. हे थेंब हवेतल्या विजेच्या कणांवर धरतात, हे नंतर कळले. आणि सुमारे आठपट झाली की दाट धुकेच उतरे. तोच आपला बिनटेकूचा थेंब. विजेच्या कणांवर थेंब धरतात या शोधातून त्याने अणूंच्या पोटातल्या कणांची वाट डोळ्यांना दिसेल असे यंत्र केले आणि त्याला १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोंगरावरच्या धुक्याने माणसाला कुठवर नेले पाहा!

असा बिनटेकूचा थेंब आपल्या महाराष्ट्रातही रोज बनतो, पण आकाशात नव्हे. कोराडी किंवा पारसच्या औष्णिक वीज केंद्रात वाफेच्या जोरावर चाके फिरतात. ती शुद्ध वाफ शेवटच्या टप्प्यांत इतक्या झपाट्याने पसरते आणि निवते की टेकू शोधायला तिला वेळच मिळत नाही. ती अतिसंपृक्त होत जाते आणि एका ठिकाणी आपली आपणच धुके होऊन बसते. त्या धुक्यातून साचलेले मोठे थेंब फिरत्या पात्यांवर आदळून पोलाद झिजवतात.

आकाशात मात्र आठपट वाफ कधीच साचत नाही. ढगामध्येसुद्धा ती मर्यादेपेक्षा शंभरात एकाहून क्वचितच जास्त होते. कारण त्याआधीच तिला टेकू सापडतो.

आणि हा टेकू कोणता, हे मला पहाटे तीन वाजता आठवले. अक्काच्या बरणीतले मीठ!

मिठाला पाण्याची एवढी ओढ आहे की हवा भरलेली नसतानाही, शेकडा पंच्याहत्तर दमटपणाच्या पुढे गेली की मीठ तिच्यातले पाणी ओढून पाझरू लागते. अरबी समुद्रावर लाटा फुटतात, त्यांचे तुषार उडतात, तुषार वाळतात आणि डोळ्यांना न दिसणारे मिठाचे कण वाऱ्यावर स्वार होऊन कोकण ओलांडून घाटावर येतात. त्यांच्या जोडीला माती, धूर, रानातून सुटणारे बारीक कण. प्रत्येक ढगातल्या प्रत्येक थेंबाच्या पोटात असा एक कण असतो. आपण पावसाच्या पाण्याला निर्मळ म्हणतो, पण थोडी धूळ पोटात घेतल्यावाचून तो जन्माला येत नाही.

घाटमाथ्यावर

दुसऱ्या दिवशी राधानगरीच्या दाजींनी जीप काढली आणि आम्ही तिघे दाजीपूरच्या पुढे फोंडा घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो. दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. खालून कोकणातून धुक्याचे लोट वर चढत होते आणि आमच्या अंगावरून रानात शिरत होते. पाऊस पडतो आहे असे वाटत नव्हते, पण भुवयांवर, मिशांवर, करवंदीच्या पानांवर पाणी साचत होते.

मला सांगायचे होते आणि तोंड उघडवत नव्हते. आपण काल चुकीचे बोललो, हे म्हणणे मास्तराला किती जड जाते ते मास्तरच जाणे.

"दाजी," मी अखेर म्हणालो, "काल मी अर्धंच सांगितलं."

मग मी त्यांना त्या धुक्यात उभे राहून सगळे सांगितले. बाटली सांगितली, उदबत्ती सांगितली, बरणीतले मीठ सांगितले. समुद्राची हवा या कड्यावर आपटते, वर चढते, वर चढताना पसरते आणि थंड होते, म्हणून इथे ती पाणी सोडते. पुढे पूर्वेला उतरताना ती पुन्हा गरम होते आणि तिचे ढग विरतात. तुमच्या आटपाडीवरून जाते ती अशी हात झटकून आलेली हवा.

"मग टेकू आमच्याकडंच कमी हाय म्हणा की," दाजी म्हणाले. "त्योच तर टाकणार न्हवं इमानातनं?"

"टेकू तुमच्याकडे कमी नाहीत, दाजी. धूळ काय थोडी आहे? उलट कधी कधी जास्त होतात, तीच अडचण. असं बघा, वडिलांची दहा एकर जमीन आणि वाटेकरी दहा. काय होतं?"

"कुणाचंच भागत न्हाई."

"तसंच ढगात होतं. वाफ तेवढीच आणि बारीक कण फार, मग प्रत्येकाच्या वाट्याला इवलं पाणी. ते थेंब इतके हलके की सेकंदाला एखादा सेंटिमीटर खाली येतात, वाऱ्यावर तरंगत राहतात. पावसाचा एक चांगला थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकमेकांत मिसळावे लागतात. म्हणून विमानातून जरा मोठे कण सोडायचे. त्यांच्यावर मोठे थेंब धरतात, ते खाली येता येता लहानांना पोटात घेतात आणि पाऊस होतो."

"म्हंजे पडतोय!"

"पडतो. पण ढग असला तर. तोही पाण्याने भरलेला, चांगला उंच वाढलेला. विमान टेकू देतं, दाजी. वाफ देत नाही. निरभ्र आकाशात कितीही मीठ टाकलं तरी ते मीठच खाली पडेल."

दाजी बराच वेळ गप्प होते. मिशीवरचे पाणी त्यांनी पंजाने निपटले आणि त्याच्याकडे पाहिले.

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार," ते म्हणाले.

माझा तासभराचा पाठ त्यांनी एका म्हणीत उरकला होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काल असं का न्हाई सांगितलं, मास्तर? मी राती तिला पाटल्या काढून ठेव म्हणालो हुतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. राधानगरीच्या दाजींनी जीप सुरू केली.

पाटल्यांचे काय झाले

पाटल्या ताईच्या हातातच राहिल्या. दाजींनी चार एकरांऐवजी अर्ध्या एकरात डाळिंब लावले, विहिरीचे पाणी पुरेल तेवढेच. त्या वर्षीचा पावसाळा आटपाडीला कोरडाच गेला. अर्ध्या एकरातलीही निम्मी झाडे वाळली. चार एकर लावले असते तर काय झाले असते, हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. पुढे टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी तालुक्यात आले आणि दाजींनी बाग वाढवली. तीही कर्ज काढूनच. पण या वेळी आडात पाणी होते.

कृत्रिम पावसाला मी नावे ठेवतो असे मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे हे प्रयत्न जुने आहेत. टाटा कंपनीने पश्चिम घाटावर १९५१ सालीच ढगांवर प्रयोग करून पाहिले होते. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात अकरा पावसाळे विमानातून मिठाची पूड सोडली आणि पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष काढला. त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूरला पुन्हा बारकाईने प्रयोग केले. योग्य ढग निवडून फवारले तर सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस मिळतो असे त्यांना आढळले. अठरा टक्के ही लहान गोष्ट नव्हे. पण ती शंभराचे एकशे अठरा करते. शून्याचे अठरा करीत नाही. हे वाक्य मी २००३ च्या त्या संध्याकाळी ओसरीवर बोललो असतो, तर ताईला ती रात्र डोळ्यांला डोळा न लावता काढावी लागली नसती.

त्या सुट्टीनंतर मी शाळेत परत गेलो आणि 'बाटलीतला ढग' करताना एक बदल केला. आधी धुरावाचून बाटली दाबायची. काही दिसत नाही. मुले हिरमुसतात, कुणी मास्तर फसला म्हणून हसतोही. मी त्यांना थोडा वेळ तसेच ठेवतो. मग धूर. 'का?' हा प्रश्न मुलेच विचारतात, मला विचारावा लागत नाही. निवृत्त होईपर्यंत हा पाठ मी असाच घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आहेत, रिकामी बाटली घरोघर असते आणि उदबत्ती तर देवापाशी लावलेलीच असते. तेव्हा वाचकांनी हा प्रयोग मुलांना अवश्य करून दाखवावा. मात्र उदबत्ती मोठ्या माणसानेच धरावी आणि पहिला ढग धुरावाचूनच करून पाहावा.

परवा अक्काकडे गेलो होतो. पाऊस सरत आला होता. भाची आता स्वतः मास्तरीण झाली आहे. अक्काने जेवताना बरणी पुढे सरकवली आणि सवयीप्रमाणे करवादली, "बघा, परत पाणी सुटलं!" ताई शेजारीच बसली होती. तिने पाटल्यांचा हात पुढे करून बरणीत चमचा घातला, ओले मीठ माझ्या पानात वाढले आणि म्हणाली, "घे रे मास्तर. तुझा टेकू."